मिसुराचे न दाखवलेले भाग

वरठी, रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

बायको, टीना, म्हणाली, "अजी, एवढं डोक्यात घुमून राहिलं तर लिहून काढा. मी तरी किती ऐकू?" म्हणून मुलीची, रिंकूची, तिसरीतली अर्धी कोरी राहिलेली वही घेतली.

कालची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या क्रेनवरून उतरून डबा उघडला, मोबाइल चाळत होतो, तर समोर मिसुरा. वीस वर्षांनी. तेच आखूड केस, मानेवर तोच नंबर. 'सुबह का शहर' या मालिकेचा दुसरा भाग येतोय, २८ नोव्हेंबरला. शेजारी बसलेल्या तुलारामला दाखवलं. तो म्हणाला, "कार्टून आहे का?" मी म्हटलं, हो. तो पुन्हा जेवायला लागला.

त्याला काय सांगणार. २००५ साली मी बारा वर्षांचा, दिघोरीला, गावच्या घरी, नवा रंगीत टीव्ही आलेला. मिसुरा आणि ताकू म्हणजे एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनवलेले दोन यंत्रमानव, बहीण-भाऊ. दिसायला अगदी माणसासारखे. जेवायचे, रडायचे, थंडी वाजली की चिकटून बसायचे. मग सरकार असे सगळे यंत्रमानव परत गोळा करायला निघतं, दोघांची ताटातूट होते आणि मिसुरा त्याला शोधत फिरते. मालिका जपानी, आमच्याकडे हिंदीत बोलायची. संध्याकाळी साडेपाचला मी, शेजारचा सचिन आणि रंजूबाई बसायचो. रंजूबाई माझी मोठी बहीण, मी तिला नुसतं बाई म्हणायचो, तेव्हा सतरा वर्षांची. तिला भात टाकायचा असे, म्हणून चूल आणि टीव्ही दोन्ही दिसतील अशी ती दारात बसायची.

तिचं नाव बऱ्याच वर्षांनी लिहिलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आई आजही भंडाऱ्याला गेली, गुडघ्याच्या इलाजाला. बाबा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती आमच्याकडेच आहे आणि दर बुधवारी ऑटोने जाते. मी गाडीवर सोडतो म्हटलं तर ऐकत नाही. येताना मरळ आणली. खवले काढून, तुकडे करून दिलेली. "वळखीची बाई हाय," म्हणते. मासोळी चांगली असते, पण गुडघ्यांना फरक काही दिसत नाही. डॉक्टर बदलायला हवा.

रविवार, १२ ऑक्टोबर

मोबाइलवर या मालिकेच्या चाहत्यांचा एक गट सापडला. लखनौ, इंदूर, पुणे, कुठकुठचे लोक. सगळे माझ्याच वयाचे, कोणी बँकेत, कोणी दुकानात. पहिल्या दिवशी तर मी इतका खूश होतो की रिंकूला शाळेत सोडायचं विसरलो.

तिथे दुसऱ्या भागाची गोष्ट थोडी कळली. वीस वर्षांनंतर मिसुराला समजतं की ताकू त्याच शहरात राहतो, पुलाच्या पलीकडे. मला हे पटलं नाही. मी गटात लांबलचक लिहिलं, की वीस वर्षं एकाच गावात राहून दोघं भेटत नाहीत, असं होतं का कुठे? लेखकाला काही सुचलं नसेल म्हणून काहीही दाखवायचं.

दुसरंही एक लिहिलं. मालिकेतला सर्वांत चांगला भाग पुराचा. मिसुरा ताकूला खांद्यावर घेऊन पुराच्या नदीतून जाते. तिच्या छातीत पाणी शिरतं, एकेक दिवा विझत जातो, पण ताकूला भीती वाटू नये म्हणून ती मोठ्यानं आकडे मोजत राहते. एकसष्टवर तिचा आवाज बसतो आणि मग ताकू मोजायला लागतो. दुसऱ्या भागात याचा उल्लेख हवाच, असं लिहिलं.

लखनौच्या माणसानं विचारलं, "भाई, ये कौन सा एपिसोड है?"

सोमवार, १३ ऑक्टोबर

गटातले सगळे म्हणतात असा भागच नाही. इंदूरची एक बाई म्हणते की त्या शहरात नदीच नाही, कोरडा कालवा आहे. मी म्हटलं, हिंदीत वेगळं असेल. ती म्हणाली, हिंदीच्या सगळ्या भागांच्या फिती तिच्याकडे आहेत. माझी थोडी बाचाबाची झाली. बत्तीस वर्षांचा माणूस, क्रेनवरून वीस टनाचा लोखंडी ठोकळा हलवतो आणि कार्टूनवरून भांडतो. पण मी पाहिलंय. ते पाणी मला आजही दिसतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

इंदूरच्या बाईनं सगळे सव्वीस भाग पाठवले. सुट्टीचे दिवस धरून मी आणि रिंकूनं बसून पाहिले. पुराचा भाग नाही. मिसुरा विहिरीत उतरून ताऱ्यांची मोजणी करते, तो नाही. ताकू आजारी पडतो आणि ती स्वतःचा आवाज काढून त्याला बसवते, तोही नाही. आणि शेवट. माझ्या आठवणीत ताकू सापडतो, दोघं एका धानाच्या बांधावर बसून भाजलेली मक्याची कणसं खातात. इथे तो सापडतच नाही. मिसुरा एकटीच स्टेशनवर उभी राहते आणि मालिका संपते.

जपानमध्ये धानाच्या बांधावर मक्याची कणसं भाजतात का, हे मी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं.

रिंकू म्हणाली, "बाबा, तुमची वाली जास्त चांगली होती."

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

टीना रिंकूला घेऊन भावाकडे तुमसरला गेली. आईनं सकाळी अनारसे डब्यात भरले आणि दहाला भंडाऱ्याला निघाली. सणाच्या दिवशी दवाखाना उघडा असतो का, मी विचारलं नाही.

दुपारी मीही गाडी काढली. मोठ्या बाजाराच्या वळणापर्यंत गेलो. रंजूबाई तिथे मासोळी विकते, हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे. म्हणून मी भाजी वरठीतच घेतो, टीनाला वाटतं मला गर्दी आवडत नाही. वळणावर पेट्रोल भरलं आणि परत आलो.

तिनं २००९ साली लिलाधरशी लग्न केलं. ते ढिवर, तलावात जाळं टाकणारे, आम्ही शेतीवाले. बाबांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही. बाबा वारले तेव्हाही मी तिला कळवलं नाही. बाबांची तशी इच्छा होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे बाबा काहीच बोलले नव्हते. शेवटचे आठ दिवस त्यांना बोलताच येत नव्हतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सचिन आता नागपूरला असतो. त्याला फोन केला. पुराचा भाग आठवतो का विचारलं.

तो हसायला लागला. "अबे, ते तं रंजूबाई सांगे. लाइन जाये ना रोज पावणेसहाले. मंग तू रडे, का पुढं का झालं म्हनून. मंग ते सांगे."

"टीव्हीवर नव्हतं?"

"टीव्ही बंद, आभाळानं घरात अंधार, चुलीचाच काय तो उजेड. धरम, तुले खरंच आठवत नाही?"

फोन ठेवल्यावर आठवलं. रोज अर्धाच भाग दिसायचा. पंखा थांबायचा, चित्र एका ठिपक्यात जायचं, आणि दारातून तिचा आवाज यायचा, "आयक, मंग मिसुरा का म्हनते..." हातानं ती तांदूळ निवडत असायची. पुढे एकोणिसाव्या भागानंतर आमच्या गावात ती वाहिनीच दिसेनाशी झाली, तरी आमच्या घरी मालिका चालू राहिली. पूर्ण पावसाळाभर. मी मिसुराचा आवाज म्हणून जो वीस वर्षं जपला, तो त्या हिंदी बोलणाऱ्या बाईचा नव्हता.

त्याच वर्षी रंजूबाईची शाळा सुटली होती. दहावीला पंचाहत्तर टक्के पडले होते तिला. हे मात्र मला कोणाला विचारावं लागलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिली पाळी बदलून घेतली आणि आईला म्हटलं, आज मीच सोडतो. बाजाराच्या वळणावर ती म्हणाली, "इथंच उतरव."

"दवाखाना तं पुढं आहे ना?"

ती उतरली, पिशवी सावरली. "धरम, मले दवाखाना नाही लागत. मी रंजूकडे जातो. चार वर्स झाले."

मी गाडी चालूच ठेवली होती. "मले काहून नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं?" एवढं बोलून ती गेली. गुडघे बरे असल्यासारखी भराभरा.

घरी येऊन टीनाला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. इतकी साफ करून मासोळी परक्या गिऱ्हाइकाला कोण देतं?

रविवार, ९ नोव्हेंबर

गेलो. आईला न सांगता, सकाळी नऊला.

ती ओट्यावर बसली होती, समोर विळा, बाजूला बर्फाच्या पेटीत रोहू. कानाजवळचे केस पांढरे झालेत. मी समोर उभा राहिलो. तिनं वर पाहिलं आणि हातातला रोहू पूर्ण कापून झाल्यावरच बोलली.

"का पायजे?"

"बाई, मी धरम."

"दिसते ना मले." तिनं तुकडे गिऱ्हाइकाला दिले. "बस तिथं. उभा राहिला तं गिऱ्हाईक येत नाही."

मी पोत्यावर बसलो. अर्धा तास ती विकत राहिली आणि मी पाहत राहिलो. मग गर्दी ओसरली.

"बाप मेला ते मले डाकियाच्या पोरानं सांगितलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवसी. राख बी नाही दिसली."

मी म्हटलं, माझं चुकलं. तिनं हात धुतले, चहा मागवला. दोन सांगितले.

मग मला काही सुचेना म्हणून मिसुराचं विचारलं. तिला नाव आठवायलाच वेळ लागला. पुराचा भाग सांगितला, एकसष्टवर आवाज बसतो तो. ती ऐकत राहिली, जशी दुसऱ्याची गोष्ट ऐकावी.

"असं सांगो मी?" ती म्हणाली. "तू भात शिजेवरी रडे, बाबा आले का रागावत. तुले चूप बसवाले काहीबाही सांगो. अना मले बी घरात दुसरं का होतं?"

मग लिलाधर भाऊजी आले. मला पाहून थांबले, मग उजव्या हातानं नमस्कार केला. डावा हात कोपरातून सरळ होत नाही. तो माझ्या काकांनी मोडला. लग्नाच्या आधी बाई आणि ते पवनीकडे, नदीकाठी डोमाच्या बहिणीच्या घरी लपले होते. डोमा हा लिलाधरचा चुलतभाऊ. तिसऱ्या दिवशी बाबा आणि काका तिथे जाऊन पोचले, तरी बाई त्यांच्याबरोबर परत आली नाही.

भाऊजी गेल्यावर बाई म्हणाली, "त्याहिले जाळं फेकता येत नाही तवापासून. डोंग्यात बसून दुसऱ्याचं ओढतेत. अना तो डोमा. त्याच्याशिवाय कोनालेच ठाऊक नव्हतं. सोळा वर्स झाले, मी त्याच्या दारात पाय नाही ठेवला. त्याच्या पोरीच्या लग्नाले बी नाही."

मी झिंगे घेतले आणि आलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तीन दिवस वही उघडली नाही.

डोमाशिवाय आणखी एकाला ठाऊक होतं. जायच्या आदल्या संध्याकाळी बाई मागच्या अंगणात मला म्हणाली होती, "मी पवनीकडे डोमादादाच्या बहिणीकडे राहीन. तू घाबरू नोको म्हनून सांगतो. कोनाले सांगजो नोको." तिनं मला सांगितलं, कारण मी घाबरेन. बाकी कुठल्याच कारणासाठी नाही.

बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर कदाचित मी टिकलो असतो. आई दोन दिवस जेवली नव्हती. बाबा खाटेवर शेजारी येऊन बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुयी माय मरून जाईल, धरम." मी सांगितलं.

मी सोळा वर्षांचा होतो. हे वाक्य मी सोळा वर्षं स्वतःला ऐकवतोय.

संध्याकाळी आईला विचारलं, तू बाईला माझ्याबद्दल सांगितलंस का? ती भाकर थापत होती. "मी काहून सांगू? ते तुयं सांगाचं होतं."

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. बाजारात नाही, तिच्या घरी. भाऊजीही होते. मी बसलोही नाही, दारातच बोललो, नाहीतर बसल्यावर राहून गेलं असतं.

बाईनं विचारलं, "तू?"

"हो."

"मी तुले सांगितलं होतं तेच?"

"हो."

ती आत गेली. मला वाटलं परत येईल. भाऊजी खाली पाहत होते. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आता जा तुमी." आवाजात राग नव्हता, म्हणून आणखी जड गेलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आई गेली आणि मासोळी न घेता आली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दुसरा भाग आला. गटात सकाळपासून धूम आहे. रिंकू शाळेतून आल्याबरोबर लावून बसली. मी दहा मिनिटं पाहिलं. चित्रं फार सुंदर झालीत, पाऊस तर खरा वाटतो. मिसुरा पुलाच्या अलीकडे उभी आहे आणि पलीकडे ताकू दुकानाची फळी लावतोय. तिनं हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. ती मारत नाही.

मी गटात लिहिलं, की लेखकाबद्दल मी मागे जे बोललो ते परत घेतो. मग उठून कांदे चिरत बसलो.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी आठला दारात बाई. वरठीच्या घरी पहिल्यांदा. टीनानं पाणी दिलं, ते तिनं उभ्यानं प्यायलं. रिंकू पाहत राहिली. बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "गाडी काढ. डोमादादाकडे जाचं हाय."

भंडारा ओलांडून, पुढे नदीकाठच्या त्याच्या गावापर्यंत गेलो. धान कापून झालंय, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्यात. मी आरशातून एकदा पाहिलं, ती बाजूला पाहत होती.

डोमा आता पन्नाशीचा असेल. दारासमोर जाळं पसरून भोकं विणत बसला होता. बाईला पाहून त्याच्या हातातली सुई थांबली. आतून त्याची बायको मंगलाबाई आली आणि दाराशीच उभी राहिली.

बाई म्हणाली, "दादा, हा माया भाऊ. बोल रे."

मी म्हटलं, "पवनीचं बाबांना मी सांगितलं होतं. तुमी नाही. सोळा वर्षं तुमच्यावर आळ राहिला. माफ करा."

डोमानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. "मले ठाऊक होतं," तो म्हणाला.

बाई म्हणाली, "का म्हनता?"

"तुया बाप ट्रॅक्टर घेऊन आला त्या दिवसी मी कवाडाआड होतो. हा पोट्टा ट्रॅक्टरवर मागं बसला होता. रस्ता दाखवाले आनलं होतं त्याले. लय रडे."

ट्रॅक्टरचं मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

बाई जाळ्याच्या कडेपर्यंत पुढे आली. मग म्हणाली, "मंग सांगितलं काहून नाही? मी तुमच्या पोरीच्या लग्नाले नाही आलो. मी तुमाले रस्त्यानं शिव्या देल्ल्या."

"देल्ल्या ना." डोमानं मंगलाबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. "त्या टायमाले तुले माहेर नाही राहिलं. बाप तुटला, काके तुटले, मायले कोनी येऊ देत नव्हतं. तू रोज एकच बोले, माया धरम मोठा झाला का येईल. मी सांगितलं असतं तं तो बी गेला असता तुया. मंग म्हटलं राहू दे. मी तं चुलत दीर. माया का बिघडते."

"बिघडलं नाही?"

"बिघडलं," डोमा म्हणाला. "पन होऊन गेलं आता."

बाई जाळ्याच्या कडेला खाली बसली आणि रडली. मी तिला कधीच असं रडताना पाहिलं नव्हतं. मंगलाबाई येऊन तिच्याजवळ बसली. मी कुठे उभं राहावं ते मला कळेना. डोमानंच मला बाजूची खाट दाखवली.

जेवून जा म्हणाले, म्हणून जेवलो. भात आणि वाळलेल्या झिंग्यांचं कालवण. मंगलाबाईनं पहिलं ताट बाईला वाढलं, दुसरं मला. मुलीच्या लग्नाचे फोटो बाईनं मोबाइलवर एकेक करून पाहिले, कोण कोण आहे ते विचारत. एका फोटोपाशी डोमा म्हणाला, "इथं तुयी जागा होती." पुढचा फोटो बाईनं बऱ्याच वेळानं लावला.

निघताना ती डोमाच्या पाया पडली. मीही पडलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

परत येताना ती माझ्या मागे बसली होती. दोन्ही हातांनी सीटची मागची दांडी धरून, मला नाही. वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. वाऱ्यामुळे आधी तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं.

"मी तुले माफ केलं असं समजू नोको. ते मले आजून ठाऊक नाही."

मी मान हलवली.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "बाबाचं सेवटी का झालं, तेवढं सांग. सगळं सांग, काही गाळू नोको."

पूल संपल्यावर मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. ती उतरून दगडावर बसली, मी तिच्या समोर खाली. आणि बाबा खाटेवर पडले त्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.